ऑडॅसिटीत माउसशिवाय अचूक काप कसा घ्यावा

मी दृष्टिहीन आहे. वाचक मंडळी मुलांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करून पाठवतात, त्यांचं एडिटिंग मी करते. वाचणारा अडखळतो, 'थांबा, पुन्हा घेतो' म्हणतो आणि वाक्य परत वाचतो. मधला भाग काढायचा, पण सांधा ऐकू येता कामा नये. विंडोजवर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) आणि ऑडॅसिटी (आवाज एडिट करण्याचं सॉफ्टवेअर), दोन्ही मोफत, एवढ्यावर हे उत्तम जमतं. 'वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरचा आवाजाचा आलेख, दिसत नाही, मग एडिटिंग कसं करणार?' असं म्हणून आपल्या दृष्टिहीन मुलांना या कामापासून लांब ठेवतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

आधी कंट्रोल पी दाबून प्रेफरन्सेस उघडा. कीबोर्ड विभागात डिफॉल्ट्स बटणावर जाऊन 'फुल' निवडा, कारण 'स्टँडर्ड' संचात काही शॉर्टकट नसतात. एनव्हीडीए 2024.2 किंवा पुढची असेल तर एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), ऑल्ट आणि एस एकत्र दाबा. एनव्हीडीएचा आवाज एका कानात, रेकॉर्डिंग दुसऱ्या कानात. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळत नाहीत, डोकं शांत राहतं.

आता स्पेसने ऐकायला सुरुवात करा. चूक सुरू झाली की डावा चौकोनी कंस, बरोबर वाक्य सुरू होण्याआधी उजवा चौकोनी कंस, मग स्पेसने थांबा. बोट कानाच्या जरा मागेच असतं, म्हणून दोन कंसांमधली ही निवड कच्ची समजा.

खरं काम पुढे आहे. शिफ्ट एफ5 दाबलं की निवडीच्या आधी काय उरतंय ते ऐकू येतं, शिफ्ट एफ8 ने निवडीनंतरचं. डावी कड मागे न्यायला शिफ्ट डावा बाण, पुढे आणायला कंट्रोल शिफ्ट उजवा बाण. उजवी कड पुढे न्यायला शिफ्ट उजवा बाण, मागे आणायला कंट्रोल शिफ्ट डावा बाण. कंट्रोल 1 ने झूम वाढवा. चित्र मोठं होतं ते डोळस माणसासाठी. आपल्यासाठी बाणाचं प्रत्येक पाऊल लहान होतं. मी तीन-चारदा तरी झूम करतेच.

मग सी दाबा. निवडलेला भाग वगळून आधीचं आणि नंतरचं सलग वाजतं, म्हणजे कापण्याआधीच काप ऐकायला मिळतो. इथे घाई नको. पुढचं वाक्य 'हळूहळू' किंवा 'सकाळी'ने सुरू होत असेल तर पहिला ह किंवा स खाल्ला गेलाय का ते पाहा. ही अक्षरं इतकी हलकी सुरू होतात की कंस हमखास उशिरा पडतो. आधीचं वाक्य 'पाऊस'वर संपत असेल तर शेवटचा स पुरता विरू द्या.

समाधान झालं की डिलीट. काही कापलंच गेलं नाही तर ट्रॅक निवडलेला नसेल. वर-खाली बाणांनी त्यावर जाऊन एंटर दाबा. सांध्यावर दोन श्वास लागोपाठ आले तर पहिला काढा, दुसरा ठेवा, कारण तो पुढच्या वाक्याचा असतो.