पूर्णाकाठची घळ कशी वाचावी

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या घळींना सगळे पडीक म्हणतात, पण पूर्णेचं खोरं कसं घडलं ते इतकं उघडं दुसरीकडे क्वचितच दिसतं. डिसेंबर ते मे या काळात जा. पावसाळ्यात कडा खालून पोखरला जातो आणि भेग पडून अख्खा ढासळतो, म्हणून छातीपेक्षा उंच भिंतीखाली खोदू नका. खुरपं, टेप, लिंबू आणि पाणी घ्या.

आधी काठावरून उत्तरेला बघा. गाविलगडचे डोंगर एका रेषेत उभे आहेत. तिथे खडक तुटून दक्षिणेची बाजू खचली. सहा कोटींहून अधिक वर्षं जुना बेसॉल्ट खाली गेला आणि खोलगट भाग शेकडो मीटर गाळानं भरला. हीच रेषा पुढे त्या काळच्या राज्यांची सीमाही ठरली. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावला इंग्रजांची नागपूरच्या भोसल्यांशी लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला, डोंगरातले गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडे राहिले.

आता भिंत. हातभर रुंद पट्टी वरून खाली तासा. ओघळून वाळलेल्या मातीलाच थर समजणं ही नेहमीची चूक. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ आणि चुनखडीचे खडे दिसतील. पांढऱ्या थरावर लिंबू पिळा, फसफसला तर चुना. नाही तर चिमूटभर पाण्यात टाका, विरघळला तर क्षार. तळाशी बारीक खरखरीत करडे कण उरले तर थराची जागा टिपून ठेवा, ती ज्वालामुखीची राख असू शकते. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राख पूर्णेच्या गाळात सापडलेली आहे.

घळ का पडते, ते ग्लासात कळतं. हरभऱ्याएवढं वाळलं ढेकूळ पावसाच्या किंवा बॅटरीत भरायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांमुळे चिकणमाती विखरत नाही आणि चाचणी फसते. दहा मिनिटांनी आणि दोन तासांनी बघा. ढेकूळ फुटलं पण पाणी नितळ, तर माती बरी. भोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियम जास्त. अशी माती आतून वाहून जाते, बिळं पडतात, मग छत कोसळून घळ वावरात शिरते. तिथे पाण्याला वाट द्यायला घळीच्या तोंडाशी नाली खोदू नका. पाणी वरच वळवा, काठावर गवत राखा, आणि सोडियम घटवायला जिप्सम किती टाकायचं ते माती परीक्षणावरून ठरवा.