सोफ्याशेजारचं टेबल घेताना आधी सोफ्याचा हात मोजा (बडोद्यातून)

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे नवीन सोफा आला आणि त्याच आठवड्यात मी मोबाइलवर बघून एक गोल काचेचं साइड टेबल मागवलं, फोटोत इतकं सुंदर दिसत होतं की माप बघायचं सुचलंच नाही. आलं तेव्हा कळलं की ते १८ इंच उंच आहे आणि सोफ्याचा हात २४ इंच, म्हणजे आमचे सासरे बशी ठेवायला वाकायचे तेव्हा अर्धा चहा बशीत आणि उरलेला लादीवर. दोन महिने ते सहन केलं, आता त्या टेबलावर बाल्कनीत तुळशीची कुंडी आहे आणि तुळस खूश आहे. तर तुम्ही तरी असं करू नका म्हणून लिहितेय.

आधी शब्दाचा घोळ. दुकानात जाऊन नुसतं "साइड टेबल दाखवा" म्हटलं की निम्म्या वेळा पलंगाशेजारचं ड्रॉवरवालं कपाट दाखवतात, आणि टीपॉय म्हटलं की मधलं सेंटर टेबल. म्हणून सरळ सांगायचं, सोफ्याच्या हाताला लागून ठेवायचंय, इतकं उंच हवंय. मिस्त्रीकडून करून घेणार असाल तर कॉर्नर टेबल म्हटलेलं त्यांना पटकन कळतं.

आता उंची, कारण नव्वद टक्के चूक इथेच होते. सोफ्याच्या हाताची उंची जमिनीपासून मोजा, गादीपासून नाही. टेबलाचा वरचा भाग त्या उंचीइतकाच हवा किंवा इंच-दोन इंच खाली. वर अजिबात नको, कारण हात टाकून बसलं की कोपर टेबलाच्या कडेवर आपटतं आणि ग्लास उचलताना खांदा वर करावा लागतो. फार खाली असेल तर काय होतं ते सासऱ्यांच्या चहाने सांगितलंच. आपल्याकडच्या बहुतेक सोफ्यांचे हात २२ ते २६ इंचांत असतात, पण हल्लीचे ते बसके, जाड गाद्यांचे सोफे येतात त्यांचे हात २० इंचांपर्यंतही खाली असतात, त्यामुळे शेजारच्या काकूंकडे छान दिसतं म्हणून त्याच मापाचं घेऊ नका. सोफ्याला हातच नसेल तर बैठकीच्या उंचीच्या चार-पाच इंच वर धरा, म्हणजे साधारण २१-२२ इंच. जुना लाकडी सोफासेट असेल, ज्याच्या हाताची पट्टी चार इंच रुंद असते, तिथे लोक कप त्या पट्टीवरच ठेवतात हे मान्य करून टाका आणि टेबल चष्मा, पेपर, रिमोट यांच्यासाठी आहे असं समजा, मग इंचभर इकडेतिकडे झालं तरी चालतं.

ऑनलाइन बघताना माप सेंटीमीटरमध्ये असतं आणि आपण मनात इंच धरून बसलेलो असतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, म्हणजे ६० सेंटीमीटरचं टेबल साडेतेवीस इंचांच्या आसपास. हे गणित मी आधी केलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता.

खोली म्हणजे पुढून मागे किती, हे दुसरं माप. टेबल सोफ्याच्या पुढच्या कडेच्या बाहेर येता कामा नये, उलट दोन-चार इंच आतच असलेलं बरं. सोफा ३४-३६ इंच खोल असतो, त्याला २० ते २४ इंच खोलीचं टेबल पुरतं. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर पहिल्यांदा तुमचा गुडघा आपटतो, मग पाहुण्यांचा, आणि पाहुणे बिचारे "काही नाही, काही नाही" म्हणत राहतात.

रुंदीसाठी भिंतीचं साधं गणित घाला. आमचीच भिंत ११ फुटांची, म्हणजे १३२ इंच. सोफा ८२ इंच. उरले ५०. दोन्ही बाजूंना १८-१८ ची टेबलं ठेवली तर ३६ गेले, सोफा आणि टेबल यांच्यात दोन-दोन इंच मोकळे ठेवायचे कारण तिथून पोछा फिरायला हवा, ते ४, उरले १०, म्हणजे एका बाजूला पाच इंच आणि तिथे पडद्याची घडी येते. बसलं, पण जेमतेम. तुमच्याकडे एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार असेल तर हट्टाने दोन घेऊ नका, एकच घ्या आणि दुसऱ्या बाजूला सोफा भिंतीकडे सरकवा. माणूस जाण्यायेण्याच्या वाटेवर दोन-अडीच फूट तरी मोकळे हवेतच.

आणि बडोद्यात अजून एक गोष्ट बघावी लागते जी बाहेरच्या कुठल्याही सल्ल्यात नसते, ती म्हणजे झोपाळा. आपल्याकडे अर्ध्या घरांत हॉलमध्ये हींचको टांगलेला असतो, आणि तो रिकामा असताना टेबल अगदी बरोबर वाटतं, पण दुपारी जेवून दोघं त्यावर बसून पाय मारायला लागले की त्याची फेरी कुठवर जाते ते बघा. बसून, पाय लांब करून बघा. माझ्या आत्याकडे एक सुंदर पितळी पायांचं टेबल होतं, त्याचा एक पाय अजून वाकडा आहे.

एल आकाराचा सोफा असेल तर आतल्या कोपऱ्यात टेबल येत नाही, तिथे गादी असते. टेबल उघड्या टोकाला ठेवायचं, आणि ज्या टोकाला लांब पाय पसरायची जागा आहे तिथे हात नसतो म्हणून नेहमीचं टेबल विचित्र दिसतं. तिथे इंग्रजी सी सारखं टेबल बरं, ज्याचा पाया सोफ्याखाली सरकतो आणि वरची फळी मांडीवर येते, लॅपटॉपवाल्यांना तर फारच सोयीचं, पण आधी सोफ्याखाली हात घालून बघा जागा आहे का, पुष्कळ सोफे जमिनीला टेकलेले असतात. दोन वेगळे सोफे काटकोनात मांडले असतील तर मात्र मधल्या चौकोनात मोठं, २४ ते ३० इंचांचं चौरस टेबल झकास बसतं, दोन्हीकडून हात पोचतो. रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारा सोफा, असेल तर तो उघडायचा दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघून मगच टेबल ठेवा. सोफा-कम-बेड असेल तर रोज रात्री सरकवता येईल असं हलकं घ्या, संगमरवर नको.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घरात लहान मूल असेल किंवा वाट अरुंद असेल तर गोल, बाकी चौकोनी. चौकोनीवर सामान जास्त मावतं. दोन्ही बाजूंची टेबलं एकसारखीच हवीत असं काही नाही, एक लाकडी एक लोखंडी चालेल, फक्त उंची सारखी ठेवा, नाहीतर सोफा एका अंगाला कलल्यासारखा दिसतो.

आता कशाचं घ्यायचं. इथे जरा थांबते कारण बडोद्याच्या माणसाला संखेडा टाळून पुढे जाता येत नाही. डभोईमार्गे गेलं की पन्नासेक किलोमीटरवर ओरसंग नदीकाठी गाव, आणि तिथलं ते मरून-सोनेरी फर्निचर, ज्याला भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या आजीच्या पिढीतल्या प्रत्येक घरात त्याचं काहीतरी असायचंच, झोपाळा नाहीतर निदान पाळणा. सागाचं लाकूड चरकावर फिरवून गोल करतात, त्यावर रंग आणि कथलाच्या रुपेरी रंगाची नक्षी, आणि वर लाख चढवली की ती रुपेरी नक्षी सोनेरी दिसायला लागते, केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. हल्ली मरूनशिवाय काळ्या, निळ्या, हस्तिदंती रंगातही मिळतं. साध्या बेज सोफ्याशेजारी एकच संखेडा टेबल ठेवलं तर हॉलला चेहरा येतो. पण एकच. सोफा फुलाफुलांचा, पडदे नक्षीचे आणि वर दोन संखेडा टेबलं म्हणजे लग्नाचा हॉल होतो.

त्यात घेताना दोन गोष्टी. एक, लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून गरम कप थेट ठेवायचा नाही, खाली कोस्टर किंवा सुती रुमाल हवाच, आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसायचं नाही, चकाकी जाते. विकणाऱ्याला सरळ विचारा की वर नुसती लाख आहे की वेगळा कोट मारलाय. दुसरं, पाय चरकावरचे गोल असतात ते वरच्या फळीत बसवलेले असतात, तर सपाट लादीवर ठेवून एका कोपऱ्यावर तळहाताने दाबा. डुगडुगलं तर "ते घरी गेल्यावर बसेल" यावर विश्वास ठेवू नका, बसत नाही.

हे दाबून बघणं खरं तर कुठल्याही टेबलाला लागू आहे. तीन पायांची नाजूक टेबलं फोटोत छान दिसतात, पण कडेवर जोर आला की उलटतात, आणि मूल उभं राहायला शिकताना नेमकं तेच धरतं.

साग महाग पण दोन पिढ्या जातो. शिसम जड, गडद, त्याच्या रेषा सुंदर, हलक्या रंगाच्या सोफ्याला शोभतो. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण नीट सुकवलेलं आणि वाळवीचं औषध लावलेलं आहे का विचारा, उधई लागली की टेबलापुरतं राहत नाही. प्लायमध्ये करून घेणार असाल तर बीडब्ल्यूआर ग्रेड, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, मागा, शिक्का आयएस (भारतीय मानक) ३०३ चा, आणि पाणी लागण्याची भीती असेल तर मरीन प्लाय, तो आयएस ७१०. शिक्का फळी कापायच्या आधी बघा, लॅमिनेट चिकटल्यावर काय आत आहे ते देवालाच माहीत. आमचे मिस्त्री कशालाही "चालशे बेन, चालशे" म्हणतात, म्हणून मी आता फळी येते तेव्हा तिथे उभी राहते.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्या, स्वस्त, रंग छान लागतो, वरच्या मजल्यावर राहत असाल आणि दोन-चार वर्षांत बदलायचंच असेल तर खुशाल घ्या. पण तळमजल्यावर, विश्वामित्री नदीच्या आसपासच्या सोसायटीत राहत असाल तर माझं ऐका, नको. २०१९ च्या जुलैअखेरचा पाऊस आठवा, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आत्याकडे पाणी फक्त पाऊल बुडेल इतकंच आलं होतं, पण एमडीएफचं टेबल खालून असं फुगलं जशी पाण्यात पडलेली खारी. तिच्याच घरातला लोखंडी पायांचा स्टूल पुसून परत जागेवर. तळमजल्याला लोखंडी किंवा अस्सल लाकडाचे पाय, खाली रबराची बुचं, आणि जमिनीला टेकलेला बंद खोका नको. पाय असलेलं टेबल केरवारे करणाऱ्या बाईंनाही आवडतं, चार-पाच इंच मोकळे असले की पोछा आरपार जातो.

काच घ्यायची तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, निदान ८ मिलिमीटर, आणि कडा घासलेल्या. बोटांचे ठसे रोज पुसायची तयारी ठेवा. संगमरवरावर लिंबू सरबत सांडलं की डाग बसतो तो बसतोच, त्यापेक्षा ग्रॅनाइट बरं.

हळदीकुंकू, गणपती, दिवाळी फराळ असं घरात सतत काही असेल तर एकात एक बसणारी नेस्टिंग टेबलं घ्या. एरवी एकाची जागा, पाहुणे आले की तीन. त्यातल्या सगळ्यात मोठ्याची उंची सोफ्याच्या हाताशी जुळवा, धाकट्या दोघी कितीही बुटक्या असू देत.

दिवा ठेवायचा असेल तर बसल्यावर बल्ब डोळ्यात येऊ नये, म्हणजे शेडची खालची कड साधारण डोळ्यांच्या पातळीला, जमिनीपासून ४०-४२ इंच. टेबल २४ चं असेल तर दिव्याची शेड टेबलापासून १६-१८ इंचांवर सुरू व्हायला हवी. शेड टेबलाच्या बाहेर डोकावत असेल तर येता-जाता धक्का लागणारच. आणि प्लग कुठे आहे ते आधी बघा, आमच्याकडे तो बरोबर सोफ्याच्या मागे निघाला, आता वायर गादीवरून जाते आणि रोज कुणीतरी त्यावर बोलतं.

पैसे द्यायच्या आधी एक करा. घरात जे काही २२-२४ इंच उंच मिळेल, खोकी, सुटकेस, पेपरची रद्दी बांधून, आम्ही तर गव्हाची छोटी कोठी ओढत आणली होती, ते टेबलाच्या जागी ठेवा आणि जमिनीवर चिकटपट्टीने टेबलाचं माप आखा. मग दोन दिवस तसंच राहू द्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिथे बसवून चहा द्या. सासऱ्यांनी कोठीवर कप ठेवला, न बघता, पेपर वाचता वाचता, आणि मी लगेच टेप घेऊन कोठी मोजली, साडेतेवीस भरली. तेच माप मिस्त्रींना दिलं.