कुरतडलेल्या नखांवर जेल पॉलिश आणि एक्स्टेन्शन

नख आखूड आहे ही मोठी अडचण नव्हे. सतत चावल्यानं बोटाच्या टोकाचं मांस नखापुढे फुगून येतं, कडा चामडीत रुततात आणि पॉलिशला पकडायला जागाच उरत नाही. जेल सुटायला लागतं ते कडेपासूनच. त्यामुळे इथे रंगापेक्षा तयारीला जास्त वेळ द्यावा लागतो.

रक्त निघालेलं असेल, नखुरडं झालं असेल किंवा साल ओढून कड ओली राहिली असेल, तर त्या दिवशी काम करू नका. पू दिसला तर आधी डॉक्टर.

गरम पाण्यात हात बुडवून केलेलं मॅनिक्युअर जेलच्या आधी नको. नख पाणी शोषून किंचित पसरतं, सुकल्यावर आकसतं, वरचं जेल मात्र तेवढं हलत नाही आणि पकड सुटते. मुंबईच्या पावसाळ्यात तर हात तसेही दमट असतात. लोकलमधून उतरून घामेजलेली बोटं घेऊन आलेल्या मुलीला आधी दहा मिनिटं पंख्याखाली बसवा.

क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली चामडी, मागे सारा आणि नखावर चिकटलेला पातळ पारदर्शक पापुद्रा नीट काढा. तो दिसत नाही, पण लिफ्टिंगचं, म्हणजे जेल कडेपासून सुटण्याचं, कारण बहुतेक वेळा तोच असतो. मग १८० ग्रिटच्या बफरनं फक्त चकाकी घालवा (ग्रिटचा आकडा जितका कमी, तितकी फाइल खरखरीत). चावलेलं नख आधीच पातळ असतं, १०० ग्रिटची फाइल त्यावर टेकवू नका. धूळ पुसा, नखावरचा ओलावा आणि तेल घालवणारं डिहायड्रेटर लावा, त्यावर अॅसिड-फ्री प्रायमरचा (जेलला पकड देणारा थर) अगदी कोरडा हात.

नुसतं पॉलिश करायचं असेल तर रंगाखाली लवचीक रबर बेस घ्या, तो नखाबरोबर थोडा वाकतो. अंगठ्यानं बोटाचं मांस खाली ओढून धरा आणि ब्रशचं टोक नखाच्या पुढच्या कडेवरून फिरवा. ही कड बंद झाली नाही तर चार दिवसांत पॉलिश सोलून निघेल. चामडीवर जेल गेलं तर जेल घट्ट करणाऱ्या लॅम्पमध्ये हात घालण्याआधी काडीनं पुसा. थर पातळ ठेवा. एलईडी लॅम्पमध्ये साधारण ६० सेकंद, पण बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. बाटली खिडकीपाशी ठेवू नका, उन्हानंही जेल घट्ट होतं.

एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे नख लांब करण्यासाठी, प्लॅस्टिकची तयार टिप अशा नखांवर सहसा नीट बसत नाही. नख सपाट किंवा वर वळलेलं असलं की खाली हवा अडकते. पेपर फॉर्म वापरा, म्हणजे नखाच्या कडेखाली चिकटवायचा कागदी साचा; त्यावर जेलनं लांबी घडवतात. पण फॉर्म सरकवायला कडच नसते! म्हणून आधी बिल्डर जेलनं (नखाला आकार देणारं दाट जेल) जेमतेम एक मिलिमीटरची ओठासारखी कड तयार करून क्युअर करा, म्हणजे लॅम्पखाली घट्ट करा, मग तिच्याखाली फॉर्म बसवा. लांबी बोटाच्या टोकापुढे २ ते ३ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. पाया छोटा असताना लांब नख लोकलच्या डब्यातल्या दांड्याला अडकलं तर मूळ नखासकट उचकटतं. उंचवटा मधल्या भागात, किंचित मागे घ्या. क्यूटिकलपाशी आणि बाजूंना जेल कागदासारखं पातळ उतरलं पाहिजे. जाड थर क्युअर होताना पातळ नखाला चटका बसतो, म्हणून बिल्डर दोन-तीन वेळा थोडा थोडा घाला. चटका बसलाच तर हात लगेच बाहेर काढा.

पहिलं इन्फिल, म्हणजे मुळाशी वाढलेल्या नखावर पुन्हा जेल भरणं, दोन आठवड्यांतच करा. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, तोवर उंचवटा पुढे सरकलेला असतो. २४० ग्रिटची फाइल पर्समध्ये राहू द्या: खरखरीत कोपरा लागला की दात तिथेच जातात. फिक्या रंगावर हळदीचा पिवळेपणा चढतो, कणीक मळताना आणि मासे साफ करताना हातमोजे घाला.

काढताना सगळ्यात वरचा चकचकीत थर, म्हणजे टॉप कोट, फाइल करा, अॅसिटोनचा कापूस फॉइलमध्ये १० ते १५ मिनिटं गुंडाळा, सुटेल तेवढंच ढकला. हार्ड जेल (एक्स्टेन्शनसाठीच्या जेलचा कडक प्रकार) अॅसिटोननं विरघळत नाही, ते फाइल करूनच उतरवावं लागतं.

बोटांना खाज सुटली, कडेला बारीक फोड आले, तर ब्रँड बदलून पाहू नका. ही अॅक्रिलेटची अॅलर्जी असू शकते. अॅक्रिलेट हा जेलमधला मुख्य घटक. ही अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि पुढे दातांत भरायच्या काही साहित्यालाही त्रास देऊ शकते. जेल काढून टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.