एक पैलवान, चार खेळ : कुस्तीसोबत ज्यूदो, कुराश, साम्बो, जिऊ-जित्सू खेळायचं तर

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते गदेसाठी एकमेकांना भिडतात. म्हणजे आपला चांगला पैलवान मुळातच दोन खेळ खेळत असतो. हा बदलही फुकट होत नाही. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती, तरी त्यांनी सहावा क्रमांक काढला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच गादीवर कांस्यपदक मिळवलं. मधली चार वर्षं नवी ताकद कमावण्यात कमी आणि नव्या नियमांत जुना डाव बसवण्यात जास्त जातात. तिसरा-चौथा खेळ जोडतानाही काम तेच असतं.

आधी मुख्य खेळ ठरवा

चारही खेळ सारख्याच जोरात खेळणारा चारही ठिकाणी दुसऱ्या फेरीत बाहेर पडतो. मुख्य खेळ एकच ठेवा, पूरक एक किंवा दोन. सरावाचे दहा भाग केले तर सात मुख्य खेळाचे असावेत. कुस्तीचा पाया चार-पाच वर्षं पक्का झाल्याशिवाय दुसरा खेळ धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अर्धवट पट (पाय धरून पाडायचा डाव) काढणाऱ्याला अर्धवट ज्यूदो शिकवून हाती काहीच लागत नाही.

मातीतल्या पैलवानाला पूरक म्हणून कुराश सगळ्यात सोपा जातो. हा उझबेकिस्तानचा खेळ. जॅकेट असतं, पण कुस्ती फक्त उभ्याने. खाली गेलं की पंच थांबवतो. सांधा पिळणं नाही, गळा आवळणं नाही. पाठीवर स्वच्छ आपटलं की 'हलाल' आणि लढत खलास. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 52 किलो गटात पिंकी बल्हाराने रौप्य आणि बेळगाव जिल्ह्यातल्या मलप्रभा जाधवने कांस्य जिंकलं. दोघी मूळच्या ज्यूदोच्या. ज्यूदो आणि कुराश ही जोडी एकमेकांना किती धार्जिणी आहे ते यावरून कळतं. साम्बो हा सोव्हिएत संघात घडलेला खेळ. त्यात जॅकेटसोबत आखूड चड्डी आणि बूट असतात, पायाचे लॉक चालतात, गळा आवळणं मात्र क्रीडा साम्बोत चालत नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो पहिल्यांदा आला तेव्हा सोव्हिएत संघाने चार कांस्यपदकं नेली ती साम्बोच्या जोरावर तयार झालेल्या पोरांकडून. जिऊ-जित्सू, म्हणजे मुख्यतः जमिनीवर पकड, लॉक आणि गळा आवळण्याचा खेळ, शेवटी धरा. तिथे पैलवानाची सगळ्यात जुनी सवय आड येते, ती पुढे येईलच.

वजनगट जुळतोय का ते बघा

ही गोष्ट बहुतेकजण शेवटी बघतात आणि तिथेच फसतात. फ्रीस्टाइल कुस्तीत (गादीवरच्या) पुरुषांचे ऑलिंपिक गट 57, 65, 74, 86, 97, 125. ज्यूदोत 60, 66, 73, 81, 90, 100 आणि 100 च्या वर. 65 चा पैलवान 66 मध्ये आरामात खेळतो, 74 वाल्याला 73 साठी एकच किलो उतरवायचा असतो. 86 वाला मात्र अडकतो : 81 ला पाच किलो खाली जायचं, किंवा 90 ला चार किलो हलका उभा राहायचं. मुलींना सोपं आहे, 57 दोन्हीकडे आहे, 53 ला 52 आणि 62 ला 63.

वजन कधी घेतात तेही वेगवेगळं. कुस्तीत स्पर्धेच्या दिवशी सकाळी, आणि अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी असेल तर त्या सकाळी पुन्हा. पॅरिसमध्ये 2024 साली विनेश फोगाट 50 किलोच्या अंतिम फेरीतून बाहेर गेली ती 100 ग्रॅमपायी. आंतरराष्ट्रीय ज्यूदोत वजन आदल्या संध्याकाळी होतं; सकाळी काहीजणांना अचानक बोलावतात आणि गटापेक्षा 5 टक्क्यांपर्यंत जास्त चालतं. 73 च्या गटात हा आकडा 76.65 किलो. जिऊ-जित्सूच्या अनेक मोठ्या स्पर्धांत तर अंगावर गी (खेळाचा जाड जॅकेट-पँटचा पोशाख) चढवून, पहिल्या लढतीच्या तोंडावर काट्यावर उभं करतात. गीचंच वजन दीड-दोन किलो भरतं. म्हणून कुस्तीसाठी पाणी तोडून वजन उतरवायची सवय तिथे नेली की अंगात दम उरत नाही. वजन वर्षभर गटाच्या दोन-तीन किलोंच्या आतच राखा.

हात कुठे जातात

खरी अडचण ताकदीची नाही, हातांची आहे. ज्यूदोत 2013 पासून उभ्याने पायाला हात लावणं बंद आहे. तालमीत दहा वर्षं एकेरी पट, दुहेरी पट काढलेल्याचा हात पायाकडे आपोआप जातो आणि गुण तर मिळत नाहीच, वर शिक्षा, म्हणजे शिदो. तीन शिदो झाले की लढत गेली. वाकून उभं राहणं हाही शिदो, जॅकेट न पकडता कंबर कवटाळणं हाही.

म्हणून डावांची वाटणी करून ठेवा. धोबीपछाड जवळजवळ जसाच्या तसा ज्यूदोत सेओई-नागे म्हणून चालतो, फक्त बाही धरून खेचायची. टांग उचि-मातात बसते, ढाक कोशी-गुरुमात. कलाजंग मात्र मांडीला हात लावून मारला तर बाद. हात न लावता घ्यायचा तर वेगळा शिकावा लागतो.

दुसरी सवय पुलाची. चितपट वाचवायला पैलवान मानेवर पूल करतो. कुस्तीत गुण गेले तरी लढत वाचते. ज्यूदोत फेक खाताना पुलावर उतरलात तर तो थेट इप्पोन (लढत संपवणारा पूर्ण गुण) धरतात. तिसरी सवय पालथं पडण्याची. पाठ लागू नये म्हणून पालथा पडलेला पैलवान जिऊ-जित्सूत समोरच्याला पाठच देतो : पाय आत अडकवून पाठीवर ताबा घेतला की 4 गुण, मग गळा. तिथे पाठीवर पडून पायांनी अडवणं ही चांगली जागा मानतात, आणि हे मनाला पटायलाच वर्ष जातं. उलट पट काढून तीन सेकंद ताबा ठेवला की 2 गुण मिळतात, तेव्हा उभ्याने पैलवान सरस ठरतो.

दाबून धरण्यात पैलवान मुळातच तरबेज असतो, पण ज्यूदोत इप्पोनला 20 सेकंद लागतात, आणि खालच्याने तुमचा एक पाय आपल्या दोन पायांत पकडला की मोजणी थांबते. पैलवानाला पाय सोडवायची सवयच नसते. रोज दहा मिनिटं फक्त हेच करा : जोडीदाराने पाय अडकवायचा, तुम्ही छातीचा भार न हलवता गुडघा बाहेर काढायचा.

पहिले 12 आठवडे

पहिले तीन आठवडे फक्त पडायला शिका. पैलवान पडताना तळहात टेकून स्वतःला सावरतो. जॅकेटने फेकल्यावर तोच हात टेकला की कोपर जातं. हनुवटी छातीला, पूर्ण हात गादीवर आपटायचा, दोन्ही कुशीवर आणि पाठीवर. दिवसाला 50-60 वेळा, आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने.

चौथ्या ते सातव्या आठवड्यात पकड. कुस्तीच्या मनगटाला जॅकेटचा पीळ सोसत नाही. चार मिनिटांच्या लढतीत दुसऱ्याच मिनिटाला बोटं उघडतात. दोरीवर जुनं जॅकेट टांगून लोंबकळा, 20 सेकंद, पाच वेळा, आठवड्यातून तीनदा. बोटांच्या पेरांना टेप लावा. पूर्ण मुठीने आवळू नका, करंगळी आणि अनामिकेवर जोर ठेवा.

आठव्यापासून लढती. एका सत्रात एकाच खेळाचे नियम पाळा. अर्धा तास कुस्ती आणि लगेच अर्धा तास ज्यूदो केल्याने हात गोंधळतात. स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे तर दुसऱ्या खेळाचा सराव बंदच.

हार मान्य म्हणून हाताने थोपटायला शिका, हेही याच काळात. हार न मानण्याचा पैलवानी बाणा कोपराच्या लॉकमध्ये महागात पडतो. साम्बोत गुडघ्याचा लॉक बसला की दुखेपर्यंत वाट बघायची नसते, कारण दुखतं तोवर अस्थिबंध ताणलेला असतो.

वर्षाचं गणित

जत्रांची मैदानं मुख्यतः उन्हाळ्यात, त्यांच्या इनामावर खुराक चालतो, म्हणून ती सोडवत नाहीत. मग नवा खेळ पावसाळ्यात शिका. मैदानात वीस मिनिटं रेंगाळणारी कुस्ती आणि गादीवरची तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं यांचा दम वेगळा असतो. मैदानांतून गादीवर यायला किमान चार आठवडे मधे ठेवा.

माती आणि गादी दोन्हीवर गजकर्ण पसरतो. चट्टा दिसला की सराव थांबवा, जॅकेट प्रत्येक वेळी धुवा. कानात रक्त साचलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टरकडून काढून घ्या, नाहीतर कान कायमचा वाकडा होतो. काहीजण तो मिरवतात, ते वेगळं.

पावडर-गोळ्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा : उत्तेजकात एका खेळात बंदी आली की जागतिक उत्तेजकविरोधी नियम मानणाऱ्या बाकी सगळ्या खेळांतही खेळता येत नाही.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते प्रत्येक खेळाला आणि प्रत्येक स्पर्धेला लागू नाही. भपकेबाज नावाची 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धा आणि भरमसाट प्रवेश फी दिसली, की पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात दोन प्रश्न विचारा : ही संघटना मान्यताप्राप्त आहे का, आणि हे प्रमाणपत्र पडताळणीत चालेल का. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, लढतींचा तक्ता आणि प्रवेशिकेची प्रत त्याच आठवड्यात गोळा करून एका फाइलमध्ये लावा. चार वर्षांनी हे कागद आयोजकांकडे मागायला गेलात तर तिथले पदाधिकारीच बदललेले असतात.