स्ट्रीमिंग खात्याचा पासवर्ड बदलताना: आधी ईमेल आणि मोबाईल क्रमांक तपासा

गेल्या दिवाळीत कुपवाडला मामांकडे गेलो होतो, तेव्हा त्यांच्या टीव्हीवरील एका स्ट्रीमिंग सेवेचे खाते चार दिवसांपासून बंद पडले होते. "टीव्ही पासवर्डच घेईना झालाय, तूच बघ आता," असे म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हाती दिला. नवा पासवर्ड ठरवण्याचे काम खरे तर पाच मिनिटांचे. आम्हाला मात्र सबंध संध्याकाळ लागली, कारण पासवर्ड बदलण्याची लिंक ज्या ईमेलवर जात होती, तो ईमेल मामांनी कधी उघडलेलाच नव्हता. काही वर्षांपूर्वी मोबाईल घेताना दुकानातील मुलाने तो तयार करून दिला होता आणि त्याचा पासवर्ड त्या मुलालाच ठाऊक होता. शेवटी कपाटातील जुना फोन चार्ज केला, त्यात तो ईमेल अजून उघडा होता, आणि आमचे काम झाले. असा जुना फोन प्रत्येकाच्या घरी सापडेलच असे नाही, म्हणून सगळी पद्धत क्रमाने लिहीत आहे.

पासवर्डला हात लावण्यापूर्वी खात्याशी कोणता ईमेल आणि कोणता मोबाईल क्रमांक जोडलेला आहे, हे पाहावे. खाते एखाद्या फोनवर किंवा टीव्हीवर अजून चालू असेल तर ही माहिती 'अकाउंट' या विभागात दिसते. तो ईमेल आज तुम्हाला उघडता येतो का, आणि त्या क्रमांकाचे सिम आज तुमच्या फोनमध्ये आहे का, हे दोन प्रश्न पासवर्डपेक्षा महत्त्वाचे आहेत, कारण पासवर्ड विसरला तरी तो या दोन वाटांनी परत मिळतो, पण या वाटा बंद झाल्या की ओळख पटवणे फार कठीण होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमच्या नात्यातील एका घरातील दोन फोन गेले, त्यांतला एक क्रमांक पुन्हा चालू करून घ्यायचे राहून गेले, आणि त्या क्रमांकावर उघडलेली खाती पुढे कोणालाच उघडता आली नाहीत. बंद झालेला क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. मग तुमच्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल. जुना क्रमांक सोडण्यापूर्वीच खात्यात नवा क्रमांक घालावा.

आता प्रत्यक्ष काम. जुना पासवर्ड आठवत असेल तर तो 'बदलायचा' असतो, आणि आठवत नसेल तर 'नव्याने ठरवायचा' असतो. या दोन वाटा वेगळ्या आहेत. दोन्ही कामे टीव्हीवर न करता फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये करावीत. रिमोटने एकेक अक्षर निवडताना चूक होते, आणि चूक कुठे झाली तेही दिसत नाही.

पासवर्ड आठवत असल्यास खात्यात शिरून 'अकाउंट' आणि त्यातील 'सिक्युरिटी' हा विभाग उघडावा, तेथे जुना पासवर्ड एकदा आणि नवा दोनदा टाइप करावा. आठवत नसल्यास लॉगिनच्या पानावरील 'फॉरगॉट पासवर्ड' किंवा मदतीच्या लिंकवर जावे, आपला ईमेल किंवा मोबाईल क्रमांक द्यावा आणि येणाऱ्या लिंकची किंवा कोडची वाट पाहावी. लिंक लगेच आली नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. नवी लिंक निघाली की बहुधा आधीची निकामी होते, आणि मग चार ईमेलांपैकी नेमका कोणता चालेल याचा गोंधळ होतो. दहा मिनिटे थांबावे, स्पॅमचा कप्पा पाहावा, आणि एकाहून अधिक ईमेल आले असतील तर सर्वांत शेवटचा उघडावा.

सगळ्या सेवांची रीत मात्र एक नाही. नेटफ्लिक्सला स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो. प्राइम व्हिडिओचा पासवर्ड म्हणजे अ‍ॅमेझॉनवरील खरेदीच्याच खात्याचा पासवर्ड; तो बदलला की खरेदीचे खातेही नव्या पासवर्डने उघडते, आणि तो कोणाला दिला असेल तर आपल्या खरेदीच्या खात्याची किल्लीही त्याच्या हाती दिलेली असते. यूट्यूबचे खाते गूगलचे असते, त्यामुळे तेथे जीमेलचा आणि यूट्यूबचा पासवर्ड एकच. फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या जिओहॉटस्टारवर मोबाईल क्रमांक आणि ओटीपी देऊन प्रवेश होतो, म्हणजे तेथे विसरण्यासारखा पासवर्ड नसतो. क्रमांक हातात असणे हीच तेथील सुरक्षा, म्हणून तो ओटीपी शेजाऱ्यालाही सांगू नये.

पासवर्ड बरोबर असूनही खाते तो घेत नाही, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. त्याचे कारण बहुधा फोनच्या कीबोर्डमध्ये असते: तो पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, किंवा सुचवलेला शब्द निवडल्यावर शेवटी एक रिकामी जागा सोडतो. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबावे, म्हणजे काय टाइप झाले ते दिसते. फोनचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तरीही हाच घोटाळा होतो.

नवा पासवर्ड निवडताना मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा गाडीचा क्रमांक वापरू नये. या गोष्टी घराबाहेरच्या माणसालाही कळतात. छोट्या आणि अवघड पासवर्डपेक्षा लांब पासवर्ड बरा, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत, जसे घागर, जिना, मोर आणि दुपार (हेच शब्द मात्र घेऊ नयेत, ते येथे छापून झाले). सेवेने अंक किंवा चिन्ह मागितल्यास ते शब्दांच्या मध्ये घालावे. मराठी शब्द घेताना एक अडचण येते, ती मी स्वतः सोसली आहे: 'हळद' किंवा 'ज्ञान' यांसारखे शब्द रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतात आणि महिन्याभराने आपणच कोणते स्पेलिंग केले होते ते आठवत नाही. ज्यांचे स्पेलिंग एकाच तऱ्हेने होते असेच शब्द निवडावेत. आणि ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड येथे मुळीच वापरू नये, कारण एका ठिकाणचा पासवर्ड फुटला की तोच अन्य ठिकाणी लावून पाहिला जातो.

पासवर्ड बदलला तरी आधीपासून आत असलेली सगळी उपकरणे बाहेर पडतातच असे नाही. नेटफ्लिक्सवर पासवर्ड बदलताना सर्व उपकरणांना नव्याने लॉगिन करायला लावण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करावी. प्राइम व्हिडिओमध्ये सेटिंगमधील उपकरणांच्या यादीतून अनोळखी उपकरण काढून टाकावे. भाडेकरू सोडून गेले असतील, जुना टीव्ही विकला असेल किंवा लॉजवरील टीव्हीवर लॉगिन करून तसेच निघून आलो असू, तर हा टप्पा टाळू नये. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला आधीच फोन करून सांगावे, नाहीतर तो तिकडून 'पासवर्ड विसरलो' दाबून आपण ठरवलेला पासवर्ड पुन्हा बदलतो. नेटफ्लिक्सने जुलै 2023 पासून भारतात एक खाते एकाच घरापुरते ठेवण्याचा नियम लावला आहे, तेव्हा मुलाच्या खोलीवरील टीव्ही बंद झाला तर दोष पासवर्डचाच असेल असे नाही.

या सगळ्यात अडल्यावर गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या क्रमांकावर फोन करू नये, हे मी हात जोडून सांगतो. असे खोटे क्रमांक देणारे लोक खाते सुरू करण्यासाठी पाच रुपये भरायला किंवा फोनचा पडदा दाखवणारे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात, आणि त्यातून बँकेचे खाते रिकामे होते. मदत हवी असेल तर ती सेवेच्या अ‍ॅपमधील मदतीच्या पानावरूनच घ्यावी. 'तुमचे खाते आज बंद होईल' अशा संदेशातील लिंक दाबू नये, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. पैसे गेलेच तर लाजेपोटी गप्प न बसता तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर होते तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता अधिक असते.

टीव्हीवर शेवटी लॉगिन करताना रिमोटने पासवर्ड टाइप करण्याची गरज बहुधा पडत नाही. पडद्यावर क्यूआर कोड किंवा काही अक्षरांचा कोड येतो. क्यूआर असेल तर तो फोनने स्कॅन करावा, अक्षरे असतील तर पडद्यावर दिलेल्या पत्त्यावर ती टाइप करावीत आणि फोनवर मंजुरी द्यावी. मामांच्या टीव्हीवर मी असेच केले, आणि त्यांच्या वहीत खात्याचा ईमेल, त्या ईमेलचा नवा पासवर्ड आणि जोडलेला मोबाईल क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहून ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर कुलपात ठेवायला सांगितले.