टॉप गिअरचा दहावा सीझन कसा बघायचा (गाड्यांमधलं ओ की ठो कळत नसलं तरी)

बऱ्याच जणांचं टॉप गिअर या बीबीसीच्या गाड्यांवरच्या शोच्या बाबतीत एकच होतं, कोणीतरी सांगतं भारी सीरियल आहे बघ, मग आपण पहिल्या सीझनचा पहिला एपिसोड लावतो, २००२ सालच्या ब्रिटनमधल्या कुठल्यातरी गाडीचा रिव्ह्यू चालू असतो, दहा मिनिटांत झोप येते आणि विषय संपतो. पहिल्यापासून बघायची काही गरज नाही हो. ही काय सासू-सुनेची सीरियल नाही की मधला भाग चुकला तर कोण कोणाचा मुलगा ते कळणार नाही. सरळ दहावा सीझन लावा, ऑक्टोबर ते डिसेंबर २००७ मध्ये बीबीसीवर आलेला, दहा एपिसोडचा. माझ्या मते हा शो सगळ्यात फॉर्मात होता तो याच काळात. पैसा आलेला, प्रेक्षक आलेले, पण अजून अंगात माज आला नव्हता.

सुरू करायच्या आधी एक काम करा. एपिसोडची लांबी चेक करा. मूळ एपिसोड साधारण तासाभराचा आहे, पण बाहेरच्या देशांत विकताना जाहिरातींना जागा हवी म्हणून कापलेल्या आवृत्त्या पण फिरत असतात, त्यात कधी स्टुडिओतली बडबड उडवलेली असते तर कधी अख्खा सेगमेंट गायब. पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास काही दिसलं तर समजा कात्री लागलेली आहे, चालत असेल तर बघा नाहीतर दुसरीकडे शोधा. आणि सबटायटल लावाच, लाज वाटून घेऊ नका, हे लोक जोरात इंजिन चालू असताना तोंडातल्या तोंडात जोक मारतात आणि अर्धी मजा तिथेच असते.

आता माणसं ओळखून घ्या, कारण हा शो गाड्यांचा नाहीच मुळी, तीन माणसांचा आहे, गाडी फक्त निमित्त. जेरेमी क्लार्कसन म्हणजे उंच, आवाज मोठा, मत त्याहून मोठं, प्रत्येक प्रॉब्लेमवर उपाय एकतर जास्त पॉवर नाहीतर हातोडा. रिचर्ड हॅमंड बुटका, उत्साही, सगळे त्याच्या उंचीवर टपलेले. जेम्स मे म्हणजे कॅप्टन स्लो, पाना कुठल्या मापाचा ते बघून मगच हात लावणार आणि रस्ता हमखास चुकणार. आपल्या कोकण ट्रिपच्या ग्रुपमध्ये पण हे तिघं असतातच, एक मोठ्याने बोलणारा, एक ज्याची सगळे खेचतात तो, आणि एक जो दर शंभर किलोमीटरला टायरची हवा बघतो. चौथा स्टिग, पांढरा सूट, पांढरं हेल्मेट, तोंडातून शब्द नाही, ट्रॅकवर गाडी पळवणं एवढंच काम. त्या काळात तो कोण आहे हे गुपित होतं, २०१० मध्ये बेन कॉलिन्स हे नाव बाहेर आलं.

हॅमंडबद्दल एक गोष्ट माहीत पाहिजेच. सप्टेंबर २००६ मध्ये शूटिंगच्या वेळी जेट इंजिन लावलेली गाडी ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास असताना उलटली आणि तो मरता मरता वाचला, डोक्याला जबर मार. म्हणजे तुम्ही जो सीझन बघताय तो त्या अपघातानंतर साधारण वर्षभराने आलेला आहे. म्हणून बाकीचे दोघं त्याच्या डोक्यावरून जे काही बोलतात ते पहिल्यांदा ऐकताना जरा कसंतरीच वाटतं, पण हे माहीत असलं की कळतं की ती त्यांची माया दाखवायची पद्धत आहे, गळ्यात गळा घालणारी मंडळी नाहीत ती.

बरं, आता कुठून सुरू करायचं. पहिला एपिसोड सोडून द्या असं मी म्हणणार नाही, त्यात तिघं युरोपात जगातला सगळ्यात भारी ड्रायव्हिंगचा रस्ता शोधत फिरतात आणि इटलीतल्या स्टेल्व्हियो घाटावर पोचतात, २७५७ मीटर उंचीवर, एका बाजूने अठ्ठेचाळीस हेअरपिन वळणं. दिसायला देखणा आहे. पण ज्याला गाड्यांचं वेड नाही त्याला पोर्शे आणि लॅम्बोर्गिनीमधला फरक ऐकण्यात काय रस असणार, म्हणून नवीन माणसाने थेट दुसऱ्या एपिसोडपासून सुरू करावं आणि पहिला नंतर बघावा.

दुसऱ्यात काय आहे, तर तिघांनी गाडीची होडी करून इंग्लिश खाडी पार करायची. इंग्लंडच्या डोव्हर बंदरापासून फ्रान्स, साधारण तेहतीस किलोमीटर समुद्र, आणि तो पण जगातला सगळ्यात बिझी समुद्री रस्ता, शेजारून हे मोठे मोठे कंटेनरवाले जहाज जातायत. क्लार्कसनने निसान पिकअपला मागे मोटर लावलीय, हॅमंडकडे फोक्सवॅगनची व्हॅन, आणि मे साहेबांनी जुन्या ट्रायम्फ हेराल्डला चक्क शीड लावलंय. घरात कोणी सत्तरीच्या आसपासचं असेल तर त्यांना हा एपिसोड बघायला बसवाच, कारण हीच हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड नावाने बनायची, साठच्या दशकात फियाट आणि अँबॅसिडरसोबत रस्त्यावर दिसायची. ती गाडी डोव्हरच्या बंदरातून बाहेर निघायचा प्रयत्न करतेय आणि वारा तिला परत आणून सोडतोय, हे बघताना ज्याने ती कधी चालवलीय त्याचा चेहरा बघा, टीव्ही बघू नका. कोण पोचतं ते सांगत नाही.

मग पील पी ५०. हे छोटं आहे पण माझं सगळ्यात आवडतं. आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर साठच्या दशकात बनलेली तीन चाकी गाडी, लांबी फक्त १३७ सेंटिमीटर, इंजिन ४९ सीसी म्हणजे आपल्या लुनाएवढं, वजन साठ किलोच्या आत, आणि रिव्हर्स गिअरच नाही. मागे एक हँडल आहे, उतरायचं आणि सुटकेस ओढल्यासारखी गाडी ओढून फिरवायची. आता यात साडेसहा फुटी क्लार्कसन बसतो. बसतो म्हणजे काय, आधी एक पाय, मग खांदा, मग डोकं असा हप्त्याहप्त्याने आत जातो. आणि मग पार्किंगचा प्रश्न नको म्हणून तो ती गाडी थेट बीबीसीच्या ऑफिसात घालतो, कॉरिडॉरमधून, लोकांच्या टेबलांच्या बाजूने, लिफ्टमध्ये सुद्धा. आणि लिफ्टमध्ये गेल्यावर लक्षात येतं की रिव्हर्स नाही. इथे पॉज करून मागे काम करणाऱ्या लोकांचे चेहरे बघा, काही जण खरंच दचकलेत आणि काही जण इतकं नॉर्मल दाखवतायत की कळतं यांना आधी सांगितलेलं आहे.

हेच दुसरं शिकायचं या शोमध्ये, खरं किती आणि ठरवून किती. ज्यांना हे कळल्यावर राग येतो त्यांनी बघू नये बाबा. सगळं स्क्रिप्टेड नाही, पण आगीत तेल कधी टाकायचं ते ठरलेलं असतं. माझा ठोकताळा असा, गाडी बंद पडली आणि तिघं खरोखर गप्प झाले तर ते खरं, बंद पडल्या पडल्या लगेच परफेक्ट जोक आला आणि कॅमेरा पण बरोब्बर जागेवर असला तर ते ठरवलेलं. हा खेळ घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळा, मजा येते.

चौथा एपिसोड बोट्सवाना. हा रविवारी दुपारी जेवून बघायचा, मध्ये उठायचं नाही. चॅलेंज असं की जंगलात फिरायला मोठी फोर बाय फोर लागतेच असं नाही, दीड हजार पौंडात जुनी टू व्हील ड्राइव्ह गाडी घ्या आणि झिंबाब्वेच्या सीमेपासून नामिबियाच्या सीमेपर्यंत अख्खा देश पार करा. क्लार्कसन लान्सिया घेतो जी इटालियन असल्यामुळे कुठलाही भाग कधीही रजा टाकू शकतो, मे जुनी मर्सिडीज २३० ई घेतो, आणि हॅमंड १९६३ ची ओपेल कडेट घेतो, छोटीशी, गरीब चेहऱ्याची, आणि तिचं नाव ठेवतो ऑलिव्हर. नाव ठेवलं म्हटल्यावर बाकीच्यांनी त्याचं काय केलं असेल ते सांगायला नको. शिवाय शिक्षा म्हणून मागून एक बीटल येतेय, ज्याची गाडी मेली त्याने तिच्यात बसायचं.

यातला मकगाडीकगाडीचा भाग नीट बघा. जगातल्या सगळ्यात मोठ्या मिठागरांपैकी एक, वरून कडक पांढरी साय आणि खाली चिखल, साय फुटली की गाडी गेली. म्हणून वजन कमी करायला क्लार्कसन आणि मे आपापल्या गाड्यांची दारं, काचा, डिकी, मिळेल ते उपटून फेकतात, आणि हॅमंड ऑलिव्हरला हातच लावू देत नाही. आता डोकं चालवा, पुढचा टप्पा ओकावांगोच्या दलदलीचा आहे, जिथे सिंह आहेत, आणि दोन गाड्यांना दारं नाहीत. असा पुढचा पेच आधीच पेरून ठेवायचं कसब या लोकांकडे जबरदस्त आहे. नंतर ऑलिव्हर नदीत बुडते तेव्हा हॅमंडचा चेहरा बघा, ते काही ठरवलेलं वाटत नाही. तो पुढे ती गाडी इंग्लंडला घेऊन गेला हे खरं आहे.

पाचव्यात लंडनची शर्यत, क्यू ब्रिजपासून सिटी एअरपोर्टपर्यंत, ऑफिसच्या गर्दीत. मे मोठ्या मर्सिडीजमध्ये, क्लार्कसन थेम्स नदीत स्पीडबोटवर, हॅमंड सायकलवर आणि स्टिग बस-मेट्रोने. सुरू व्हायच्या आधी घरात पैजा लावा. मुंबई पुण्यात गाडी चालवणाऱ्या माणसाचा अंदाज बहुतेक बरोबर येईल, पण दुसरा तिसरा नंबर चुकेल.

सातवा एपिसोड ब्रिटिश लेलँडचा, आणि हा होमवर्क न करता बघितला तर अर्धा डोक्यावरून जातो, त्यामुळे इथे थोडा वेळ देतो. १९६८ मध्ये ब्रिटनच्या बहुतेक देशी गाडी कंपन्या एकत्र करून एक अवाढव्य कंपनी केली. ऑस्टिन, मॉरिस, रोव्हर, जॅग्वार, ट्रायम्फ सगळे एका छपराखाली, एकमेकांच्याच गाड्यांशी स्पर्धा करणारे. मग संप, वाईट क्वालिटी, तोटा, आणि १९७५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश माणसासाठी ही कंपनी म्हणजे घरातला तो काका ज्याच्याबद्दल फक्त विनोदच होऊ शकतात. तर तिघांनी सिद्ध करायचं की लेलँडने पण चांगल्या गाड्या बनवल्या होत्या. बाराशे पौंडात क्लार्कसन रोव्हर एसडी १ आणतो, हॅमंड ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंट, मे ऑस्टिन प्रिन्सेस.

आपल्यासाठी यात एक खास गंमत आहे. ही एसडी १ १९७७ ची युरोपियन कार ऑफ द इयर होती, आणि ब्रिटनमध्ये तिचे दिवस भरत आले तेव्हा १९८५ मध्ये मद्रासच्या त्याच स्टँडर्ड कंपनीने ती स्टँडर्ड २००० म्हणून भारतात आणली, बॉडी देखणी पण आत जुनाट इंजिन बसवून, आणि ती काही चालली नाही. त्यामुळे क्लार्कसनच्या गाडीचं मागचं दार ट्रॅकवर निखळून पडतं तेव्हा आपण फक्त ब्रिटिशांना हसतोय असं समजू नका. शेवटची टेस्ट अशी की गाडीत काठोकाठ पाणी भरायचं, आत बसायचं आणि पाणी गळून जायच्या आत किती लांब जाता येतं ते बघायचं. गाडीची फिटिंग किती चांगली हे मोजायची यापेक्षा प्रामाणिक पद्धत मला माहीत नाही. गाडीत पाणी भरताना मे ज्या शांतपणे बसलेला असतो त्याला तोड नाही.

काय फॉरवर्ड करायचं ते पण सांगतो. स्टुडिओतल्या न्यूजचा भाग, म्हणजे त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये कुठली गाडी आली, स्पीड कॅमेऱ्यावर सरकार काय बोललं, हे आज शिळं झालंय, बिनधास्त पळवा. साध्या गाडीत सेलिब्रिटीने लॅप मारायचा भाग, पाहुणा ओळखीचा असेल तर बघा नाहीतर सोडा, गाडी मात्र ओळखीची आहे, शेवरोले लासेट्टी म्हणजे आपली ऑप्ट्राच. बुगाटी व्हेरॉन गाडी आणि टायफून फायटर जेटची शर्यत सोडू नका, गाडी धावपट्टीवर एक मैल जाऊन परत, विमान सरळ वर एक मैल जाऊन परत.

नवव्यात तिघं आणि स्टिग ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकवर चोवीस तासांची खरी रेस धावतात, जुनी डिझेल बीएमडब्ल्यू, स्वतः पिकवलेल्या मोहरीसारख्या पिकाच्या तेलावर चालणारी. हा एपिसोड हसवण्यापेक्षा थकवा दाखवतो, रात्री तीनला पिटमध्ये कोणाच्याच तोंडाला चव नाही. गाडीवरचे स्पॉन्सरचे स्टिकर दार बंद असताना आणि उघडं असताना असे दोनदा वाचा, आणि बाजूला लहान मुलं असतील तर वाचून दाखवू नका.

क्लार्कसनचे दुसऱ्या देशांवरचे जोक काही ठिकाणी खटकतील, आपल्यावरचे पण. हा सीझन संपला की २०११ च्या डिसेंबरमधला इंडिया स्पेशल शोधा, तो कुठल्याच सीझनच्या यादीत पटकन सापडत नाही, सतरा आणि अठराच्या मधे आहे. त्यात हे तिघं रोल्स रॉइस, जॅग्वार आणि मिनी घेऊन मुंबईत येतात आणि डबे पोचवायच्या कामात चक्क डबेवाल्यांशी स्पर्धा लावतात. त्या एपिसोडवर भारतीय उच्चायुक्तालयाने नंतर रीतसर तक्रार पण केली होती, जॅग्वारच्या डिकीवर बसवलेल्या कमोडवरून वगैरे. तक्रार योग्य होती की नाही ते बघून ठरवा, पण आधी दहावा सीझन बघून मग बघा, कारण तिघांचे स्वभाव माहीत नसतील तर फक्त रागच येईल.

शेवटच्या एपिसोडमध्ये लुईस हॅमिल्टन येतो, पहिल्याच वर्षी फॉर्म्युला वनची चॅम्पियनशिप एका पॉइंटने हुकलेला. ओल्या ट्रॅकवर साध्या सुझुकी लियानामध्ये त्याचा लॅप १ मिनिट ४४.७ सेकंद. पोरगं तेव्हा बावीस वर्षांचं होतं, तो लॅप दोनदा बघा.