ऑर्डर पुन्हा वाढू लागल्यात? मग या चुका टाळा

मंदीत कारखानदार सावध असतो. हात आखडून खर्च करतो, प्रत्येक पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) दोनदा बघतो. कसोटी लागते ती नंतर, फोन पुन्हा वाजायला लागतात तेव्हा. गोव्यातल्या कुंडई आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत बरीच वर्षं खरेदी आणि स्टोअरचं काम करताना मी जे छोटे कारखाने अडकलेले पाहिले, त्यातले बरेचसे हातात भरपूर काम असताना अडकले.

२०२० च्या एप्रिल ते जून तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी खाली गेलं होतं. वर्षभरात मागणी उसळली आणि मग चिप मिळेना, कंटेनर मिळेना, खोक्यांसाठी क्राफ्ट पेपर मिळेना. पुरवठ्याची साखळी बंद पडते तेव्हा सगळे एकदम थांबतात, पण सुरू होताना प्रत्येक जण आपापल्या वेगाने सुरू होतो. बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

ऑर्डर वाढली म्हणजे खप वाढला, असं धरणं

हे कागदावर मांडून बघा. बाजारात आठवड्याला १,००० बॉक्स खपतात आणि साखळीतला प्रत्येक जण दोन आठवड्यांचा स्टॉक ठेवतो, असं समजू. खप १० टक्क्यांनी वाढून १,१०० झाला. वितरकाला ते १,१०० भरून काढायचे आहेत, शिवाय स्टॉक २,००० वरून २,२०० वर न्यायचा आहे. तो कारखान्याकडे १,३०० मागतो. कारखान्याला १,३०० दिसले, म्हणजे त्याच्या लेखी स्टॉक २,६०० हवा, हाताशी आहे २,०००. तो खोकी बनवणाऱ्याला १,९०० ची ऑर्डर देतो. खोकीवाला त्याच न्यायाने पेपर मिलकडे ३,७०० बॉक्सचा कागद मागतो. बाजारातली वाढ शंभराची, मिलपर्यंत पोचली ती २,७०० होऊन.

आता पुढचा आठवडा. खप १,१०० वरच स्थिर आहे. वितरक १,१०० मागतो. कारखान्याला आता २,२०० चा स्टॉक पुरे, हाताशी २,६०० आहे, म्हणून तो फक्त ७०० मागतो. खोकीवाल्याकडे गरजेपेक्षा इतकं पडून आहे, की मिलला तो काहीच ऑर्डर देत नाही. बाजारात काहीही बिघडलेलं नाही, तरी मिलचा माणूस म्हणणार, 'मंदी परत आली.'

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. चाबूक मुठीजवळ जरासा हलला तरी टोकाला सपकन फिरतो, तसं. तुम्ही ग्राहकापासून जितके दूर, तितका झटका मोठा. गोव्यातले बरेच छोटे कारखाने लेबल, झाकणं, ट्रे, खोकी, सुटे भाग बनवणारे, म्हणजे टोकाकडचेच.

उपाय महागडा नाही. ग्राहकाच्या खरेदी विभागाला दर आठवड्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडून पुढे प्रत्यक्ष किती माल गेला? पहिल्यांदा कोणी सांगत नाही. 'आकडा कळला तर तुमचा माल वेळेवर देता येईल' हे पटलं की सांगतात. आठ आठवड्यांचे आकडे जमले की तुमचा डिस्पॅच (रवाना केलेला माल) आणि त्यांचा खप शेजारी शेजारी लिहा. डिस्पॅच सतत वर असेल तर फरकाचा माल कुठेतरी गोदामात साचतोय. टंचाईत आणखी एक गोष्ट हमखास होते. ग्राहक एकाच गरजेची ऑर्डर तिघांना देतो आणि पहिला माल आला की उरलेल्या दोन रद्द करतो. म्हणून जी ऑर्डर फुकटात रद्द होऊ शकते, तिच्यावर पूर्ण कच्चा माल उचलू नका.

सरासरी लीड टाइमवर विसंबणं

स्टोअरच्या एका रजिस्टरात एका कच्च्या मालाचे सहा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस, ओळीने लिहिले होते: १२, १३, १२, ३१, १४, २६ दिवस. सरासरी १८. रोजचा वापर ४० किलो. त्यामुळे ७२० किलो उरले की ऑर्डर टाकायची, असा नियम ठरला होता. दिसायला बरोबर. पण ३१ दिवस लागले तेव्हा लाइन १३ दिवस मालाविना, २६ दिवस लागले तेव्हा ८ दिवस. सहापैकी दोनदा बंद, मिळून २१ दिवस.

सगळ्यात वाईट वेळेपुरता माल ठेवायचा तर १,२४० किलो लागतात, म्हणजे ५२० किलो जादा. आता खरा प्रश्न समोर येतो: ५२० किलोत अडकलेला पैसा जास्त, की १३ दिवस बंद पडलेली लाइन जास्त महाग? प्रत्येक मालासाठी उत्तर वेगळं असतं. जो माल गावातल्या दुकानात मिळतो, त्याचा साठा करू नये. ज्याच्याविना लाइन थांबते आणि जो दुसरीकडे मिळत नाही, अशा मोजक्या मालाचाच करावा.

टोयोटाने जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर नेमकं हेच केलं. पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला इतर वाहन कंपन्या लाइन बंद करत होत्या तेव्हा टोयोटा तग धरून होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिलाही उत्पादन कापावं लागलं. साठ्याने वेळ मिळते, टंचाई संपत नाही. मिळालेल्या वेळात पर्याय शोधायचा असतो.

रजिस्टरातले ३१ आणि २६ हे दोन्ही आकडे पावसाळ्यातले होते. आपल्याकडे हे विसरून चालणारच नाही. अनमोड आणि चोर्ला घाटात दरड कोसळते, रस्ता खचतो, अवजड वाहनांना बंदी होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूरजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रक दिवसेंदिवस उभे राहिले. २०२१ मध्ये त्याच दिवसांत चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वेही अडकली, म्हणजे रस्ता आणि रेल्वे हे दोन पर्याय एकदम गेले. मुरगाव बंदर दाराशी असलं तरी आपला बराचसा कंटेनर माल रस्त्याने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरालाच जातो. तेव्हा साठ्याची पातळी वर्षभर एकच ठेवू नका. मे महिन्यात वाढवा, ऑक्टोबरात उतरवा. युरोपला माल पाठवणाऱ्यांनी समुद्राकडेही बघावं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला.

पुरवठादार दोन, उगम एकच

'आमच्याकडे दोन व्हेंडर आहेत' हे वाक्य ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारतो: ते दोघे माल कुठून आणतात? औषध उद्योगात हा प्रश्न जिवावरचा आहे. भारत आयात करतो त्या औषधी कच्च्या मालापैकी मूल्याने साधारण दोन-तृतीयांश चीनमधून येतो. एक व्हेंडर वापीचा, दुसरा हैदराबादचा, आणि दोघांचं इंटरमीडिएट (औषध बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारं रसायन) चीनच्या एकाच भागातलं, असं होऊ शकतं. २०२० च्या जूनमध्ये गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर बंदरांवर चिनी माल तपासणीत अडकला, तेव्हा असे दोन्ही व्हेंडर एकाच दिवशी 'थोडं थांबा' म्हणाले.

व्हेंडरला लेखी विचारा की मुख्य घटक कुठल्या देशातून, कुठल्या बंदरातून येतो. उत्तर द्यायला कोणी कचरला तर तीही माहितीच समजा. औषधात नवा पुरवठादार मंजूर करायला चाचण्या आणि कागदपत्रांत महिने जातात, म्हणून पर्यायी व्हेंडरची मंजुरी शांत काळातच करून ठेवावी लागते.

वाढीला लागणारा पैसा न मोजणं

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची. एका कारखान्याचा कच्चा माल ४५ दिवस पडून असतो, प्रक्रियेला १५ दिवस लागतात, ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतो. एकूण १२० दिवस. पुरवठादाराची उधारी ३० दिवसांची, म्हणजे ९० दिवस स्वतःचा किंवा बँकेचा पैसा अडकतो. महिन्याचा खर्च ५० लाख असेल तर दीड कोटी लागतात. काम ४० टक्क्यांनी वाढलं, खर्च ७० लाखांवर गेला, तर लागतात दोन कोटी दहा लाख. इथवर लोक मोजतात. पण मंदीत पोळलेला पुरवठादार आता उधारी देत नाही, रोख मागतो. मग १२० दिवसांचे २ कोटी ८० लाख लागतात. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा मात्र अजून दीड कोटीच्या काळातली. नफा आहे, ऑर्डर आहे, आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत.

बँकेकडे ऑर्डर घेण्याआधी जा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२४ पासून आयकराची तरतूदही मदतीला आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. मोठ्या ग्राहकाची बिलं ट्रेड्स (TReDS) या ऑनलाइन मंचावर वटवून मुदतीआधी पैसे घेता येतात. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा विचारायला संकोच करू नका. आणि हाच नियम आपल्या खालच्या जॉब वर्कवाल्यालाही, म्हणजे आपल्या मालावर बाहेर काम करून देणाऱ्यालाही, लावा. त्याचे पैसे तुम्ही थकवलेत तर गरजेच्या दिवशी त्याचं मशीन दुसऱ्याच्या कामावर असेल.

गोंधळावर सॉफ्टवेअर चढवणं

उभारीत पैसा हाती आला की ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यायची घाई होते. सॉफ्टवेअर चांगलंच असतं, पण चुकीचा आकडा ते फक्त जास्त वेगाने सगळीकडे पोचवतं. एका स्टोअरमध्ये स्क्रीनवर १,४०० दिसत होते आणि रॅक रिकामा होता. स्टोअरकीपरच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही होती, खरा स्टॉक त्या वहीत. सगळे त्यालाच विचारायचे. तो चवथीला (गणेशचतुर्थीला) रजेवर गेला आणि लाइन थांबली.

असं झालं तर चार जागा तपासा. आलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी होते का, की लेखा विभागात बिल पोचल्यावर? खरेदी रोलमध्ये आणि वापर मीटरमध्ये आहे का? रिजेक्ट झालेला माल चांगल्या मालातच मोजला जातोय का? जॉब वर्कला गेलेला माल अजून आपल्याच रॅकवर दाखवला जातोय का? माझ्या अनुभवात तफावत बहुतेक वेळा यातच सापडते. मग रोज सकाळी दहा आयटम मोजायचे, महत्त्वाचे आयटम महिन्यातून एकदा तरी फिरून यायलाच हवेत. स्क्रीन आणि रॅक सलग काही आठवडे जुळले की बारकोड, अंदाज बांधणारी प्रणाली, जे हवं ते घ्या. त्या वहीवाल्या स्टोअरकीपरला प्रणाली ठरवताना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा. त्याला जे माहीत आहे ते कुठल्याच सल्लागाराला माहीत नसतं.

काही छोट्या, पण नडणाऱ्या गोष्टी

भाव वाढतील म्हणून मे महिन्यात खोकी भरून ठेवली आणि जमिनीवर भिंतीला टेकवून रचली, तर जुलैत खालचे थर ओल धरून मऊ होतात आणि वजन पडलं की बसतात. लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर दूर रचा आणि जुनी आधी वापरा.

पहिल्याच तेजीत कर्ज काढून मशीन घेऊ नका. डिचोली-साखळी या खाणपट्ट्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिलेले त्यांनी पाहिलेत. आधी जादा पाळी चालवा, बाहेरून जॉब वर्क घ्या, मागणी सलग दोन-तीन तिमाही टिकली तर मशीन.

आणि माणसं. चवथीच्या आठवड्यात गोव्यातली पाळी निम्मी होते, होळीला आणि छठपूजेला उत्तर भारतातले कामगार गावी जातात. चवथ ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि ३० सप्टेंबरला ग्राहकाची तिमाही संपते, म्हणजे त्याला माल तेव्हाच हवा असतो. ग्राहकाला तारीख देण्याआधी सुपरवायझरकडून सुट्ट्यांची यादी मागवा आणि डिस्पॅचच्या तक्त्याशेजारी ती लावा.